दोष कोठला, हानि कोणाची ?

समजा, एका गृहस्थानें घरांत नवा फ्रिज आणला. खोक्यांतून बाहेर काढतांच त्याच्या दारावर बोटभर लांबीचा चरा दिसला. चार दिवसांनीं कळलें कीं, यंत्र थंडावा धरीतच नाहीं. दूध नासलें, भाजी सडली. पुढें खालून पाणी गळूं लागलें आणि शेजारच्या लाकडी कपाटाचा तळ फुगला. त्याच पाण्यावरून घरांतील वृद्ध आजी घसरून पडल्या व त्यांचें मनगट मोडलें. दुरुस्तीकरितां येणाऱ्या कारागिरानें तीन वायदे मोडले. चौथ्या खेपेस तो आला, आणि ‘‘पाणी दिसत असतां तिकडे चाललांत कशाला?’’ असें आजींनाच विचारून गेला. आतां या गृहस्थाला कंपनीकडे इंग्रजींत पत्र धाडावयाचें आहे. तो लिहितो : दार डॅमेज आहे, यंत्र डॅमेज आहे, दूध डॅमेज झालें, कपाट डॅमेज झालें, आजी डॅमेज झाल्या, आणि एकंदरींत घरांत पुष्कळ ‘डॅमेजिस’ झाले.

पत्र वाचणाऱ्या कारकुनाला याचा बोध होत नाहीं असें नाहीं. परंतु सहा-सात निरनिराळ्या तक्रारी एकाच शब्दाच्या पोत्यांत भरल्या म्हणजे हात घालणाऱ्याच्या हातीं जी पहिली लागेल तीच बाहेर येते. कंपनीचें उत्तर येतें : ‘‘दार बदलून देण्यांत येईल.’’ आजींच्या मनगटाचा त्यांत उल्लेखहि नसतो.

अशा पत्रलेखकाला इंग्रजी येत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याची अडचण शाळेंतल्या पाठांतरांतून आलेली असते. ‘डिफेक्ट’ म्हणजे दोष, ‘फॉल्ट’ म्हणजे दोष, ‘फ्लॉ’ म्हणजे दोष. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, ‘हार्म’ म्हणजे नुकसान, ‘इंज्युरी’ म्हणजेहि नुकसान किंवा इजा, अशी माळ एकदां घोकली कीं, हे शब्द एकमेकांच्या जागीं खुशाल बसवावे अशी समजूत होऊन बसते. वास्तविक मराठी कान याहून किती तरी तिखट आहे. नाण्यांत खोट असते, कांचेला तडा जातो, पितळी भांड्याला पोचा येतो, कापडावर डाग पडतो, शरीरांत व्यंग असतें, मुलाला खोड लागते, हिशेबांत चूक होते, नोकराच्या हातून कामांत कसूर होते आणि यंत्रांत बिघाड होतो. नाण्याला व्यंग आहे किंवा हिशेबाला तडा गेला, असें कोणी म्हणाला तर घरांतील पोर देखील हंसेल. हाच कान इंग्रजीकडे लावला पाहिजे. दोषाचा शब्द निवडतांना ‘तो कोठें बसला आहे ?’ आणि हानीचा शब्द निवडतांना ‘ती कोणाला पोंचली ?’ असें विचारलें म्हणजे बहुतेक गुंता सुटतो. दोष लहान कीं मोठा, हा प्रश्न मागाहूनचा. पण पुष्कळ लोक नेमका त्याच्यापासून आरंभ करतात.

‘डिफेक्ट’ हा शब्द लॅटिन भाषेंतील कमी पडणें, उणें असणें या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. ज्या कामासाठीं वस्तु केली तें काम होण्यास जें हवें तें तिच्यांत नसणें, हा त्याचा गाभा. फ्रिजनें थंड करावें. तें तो करीत नाहीं. म्हणून तेथें ‘डिफेक्ट’. याच धातूपासून ‘डेफिशिअन्सी’ हें भावंड निघालें. पण दोघांनीं घर वांटून घेतलें आहे. प्रमाणांत किंवा पुरवठ्यांत तूट असेल तेथें ‘डेफिशिअन्सी’. शरीरांत लोह कमी पडलें तर डॉक्टर तिला ‘डेफिशिअन्सी’ म्हणतात. हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोंक असलें तर ‘डिफेक्ट’ म्हणतात. पहिली भरून काढावयाची, दुसरा दुरुस्त करावयाचा.

भारताच्या ग्राहक संरक्षण कायद्यानें हीच वांटणी १९८६ सालीं केली, आणि तो कायदा रद्द करून त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या कायद्यानें ती कायम ठेवली : मालांत असतो तो ‘डिफेक्ट’, सेवेंत असते ती ‘डेफिशिअन्सी’. तेव्हां फ्रिजचें न चालणारें यंत्र हा ‘डिफेक्ट’, आणि तीन वायदे मोडणें ही ‘डेफिशिअन्सी’. या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, आणि त्या निरनिराळ्याच मांडाव्या लागतात. मौज अशी कीं, या दोन्ही व्याख्यांचा आरंभ कायदेपंडितांनीं ‘फॉल्ट’ या शब्दानेंच केला आहे. एका दोषाची ओळख दुसऱ्या दोषाकडून करून घ्यावी लागावी, इतकीं यांचीं घरें लागून आहेत.

‘फ्लॉ’चें घराणें निराळें. जुन्या नॉर्स भाषेंतील दगडाची फरशी या अर्थाच्या शब्दाशीं त्याचें नातें सांगतात. इंग्रजींत प्रथम त्याचा अर्थ कपची, टवका असा होता. मग टवका उडून पडलेली चीर असा झाला. म्हणून ‘फ्लॉ’ म्हणतांना वस्तु एरवीं धड आहे, एके जागीं मात्र तिच्या अखंडपणाला बाध आला आहे, असें गृहीत असतें. हिरा, कांच, पोलाद, युक्तिवाद, योजना, थोर पुरुषाचा स्वभाव, यांना ‘फ्लॉ’ शोभतो. मुळापासून कुजलेल्या युक्तिवादांत ‘फ्लॉ’ आहे असें म्हणणें हा त्याचा सन्मानच होय.

‘ब्लेमिश’ हा केवळ पृष्ठभागावरचा. ज्या फ्रेंच शब्दापासून तो आला त्यांत फिकें पाडण्याचा भाव होता. त्वचेवरील वण, फळावरील ठिपका, दारावरील चरा, हे सारे ‘ब्लेमिश’. त्यानें काम अडत नाहीं, शोभा जाते. माणसाच्या नांवाला लागलेला डागहि इंग्रजींत याच शब्दानें सांगतात. आंतला दोष आणि वरचा दोष हा भेद रत्नपरीक्षकांनीं जितका काटेकोर पाळला आहे तितका साहित्यिकांनींहि पाळलेला नाहीं. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेच्या प्रतवारींत हिरा दहापट मोठा दाखविणाऱ्या भिंगाखालीं तपासतात. आंत किंवा बाहेर कोठेंच कांहीं आढळलें नाहीं तर तो ‘फ्लॉलेस’. आंत कांहीं नाहीं, पृष्ठभागावर मात्र बारीकसा ‘ब्लेमिश’ आहे, असें झालें तर तो ‘इंटर्नली फ्लॉलेस’. हा एक शब्द मागें जोडला गेला कीं, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलांतील हिरेबाजारांत किंमत खालीं सरकते.

हिरे थोड्यांच्या घरीं असतात; आंबा सर्वांच्या घरीं येतो. हापुसाच्या सालीवर काळा ठिपका दिसला तर तो ‘ब्लेमिश’, आणि जाणती गृहिणी त्यासाठीं पेटी परत करीत नाहीं. पण बाहेरून केशरी, घवघवीत फळ कापावें आणि कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघावा, म्हणजे ज्याला कोंकणांत साका म्हणतात, तो ‘डिफेक्ट’. आणि वरून न दिसणारा म्हणून ‘लेटंट’, म्हणजे दडलेला, ‘डिफेक्ट’. आंब्यावरूनच आणखी एका शब्दाची आठवण होते. माणसाच्या दुर्गुणाला, व्यसनाला इंग्रजींत ‘व्हाइस’ म्हणतात. सागरी विम्याच्या भारतीय कायद्यांत, तो १९६३ चा, हा शब्द मालालाहि लावलेला आहे : ‘इन्हेरंट व्हाइस’, म्हणजे मालाचा अंगभूत दुर्गुण. विमापत्रांत निराळी अट नसेल तर अशा दुर्गुणानें झालेल्या नाशाची भरपाई विमेवाला देत नाहीं. जहाजावर चढविलेला आंबा आपल्या धर्मानें पिकून नासला तर तो ‘व्हाइस’चा प्रताप; वादळांत खारें पाणी शिरून नासला तर तें ‘डॅमेज’. फळ दोन्ही वेळां नासतेंच, पण दोन्ही वेळां पैसे मिळत नाहींत.

आतां ‘फॉल्ट’. या घराण्यांत सर्वांत जपून वापरावा असा हा शब्द. त्याच्या मुळाशीं चुकणें, फसविणें या अर्थाचें लॅटिन क्रियापद आहे. फ्रेंचमधून तो इंग्रजींत आला तेव्हां त्यांत ‘ल’ नव्हता. लॅटिनची आठवण म्हणून विद्वानांनीं तो मागाहून घातला. वीज गेली म्हणजे वायरमन ‘‘लाइनींत फॉल्ट आहे’’ म्हणतो. टेनिसमध्यें पहिला चेंडू जाळ्यांत गेला कीं पंच ‘फॉल्ट’ पुकारतो. भूगर्भशास्त्रज्ञ खडकाचे थर तुटून एकमेकांवरून सरकले त्या जागेला ‘फॉल्ट’ म्हणतात. येथवर कोणाचाच अपमान होत नाहीं. परंतु ‘फॉल्ट’च्या मागें ‘तुमचा’ हा शब्द आला कीं सारा रंग पालटतो. ‘तुमचा डिफेक्ट’ म्हणून कोणी भांडत नाहीं. ‘तुमचा फॉल्ट’ म्हणतांच भांडण सुरू होतें, कारण तेथें जबाबदारीचें बोट माणसाकडे वळलेलें असतें. ‘डिफेक्ट’ वस्तूविषयीं बोलतो, ‘फॉल्ट’ करणाराविषयीं. फ्रिज थंड होत नाहीं एवढेंच ज्याला ठाऊक, त्यानें ‘डिफेक्ट’ लिहावें. चूक कारखान्याची, वाटेंत खोका आपटणाऱ्या हमालाची कीं घरांतल्या कमी दाबाच्या विजेची, हें कळल्यावांचून ‘फॉल्ट’ लिहिणें म्हणजे पंचनाम्याआधींच निकाल देणें होय. ‘मिस्टेक’ आणि ‘एरर’ हे तर कृतींतले आणि गणितांतले. ते वस्तूंत राहात नाहींत, म्हणून या पत्रांत त्यांचें काम नाहीं.

माणसासंबंधानें बोलतांना मात्र ‘डिफेक्ट’हि निष्पाप राहात नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटनें १९१३ सालीं मतिमंदांविषयीं जो कायदा केला त्याच्या नांवांतच ‘डेफिशिअन्सी’ होती, आणि त्या कायद्याखालीं येणाऱ्या जिवंत माणसांना ‘डिफेक्टिव्ह’ म्हणत. कारखान्यांतून परत आलेल्या मालाला लावावयाचा शब्द माणसाच्या पोराला लावला गेला. १९५९ च्या कायद्यानें ती व्यवस्था मोडली. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत ‘इम्पेअरमेंट’ हा शब्द आहे, आणि त्याची मांडणी लक्ष देण्याजोगी आहे : शरीरांत, मनांत, बुद्धींत किंवा इंद्रियांत दीर्घ काळची ‘इम्पेअरमेंट’, अधिक समाजानें उभे केलेले अडथळे, या दोहोंच्या गांठीनें जी अडचण होते ती ‘डिसॅबिलिटी’. म्हणजे दोष कोठें बसला आहे या प्रश्नाचें उत्तर कायद्यानेंच बदललें. तो अर्धा माणसाबाहेर, जिन्याच्या पायरींत आणि बसच्या दारांतहि बसलेला असतो.

दुसऱ्या घराण्याकडे वळतांना ‘डॅमेज’पासूनच आरंभ करणें बरें, कारण सर्वांत अधिक पिळवणूक त्याचीच होते. त्याचें मूळ लॅटिनमधील तोटा या अर्थाच्या शब्दांत आहे. एखाद्या वस्तूची किंमत किंवा उपयोग कमी होणें, हा त्याचा अर्थ. कपाट फुगलें, भिंत ओलावली, मोटार चेपली, पीक आडवें झालें : हें सर्व ‘डॅमेज’. त्याचें अनेकवचन करावयाचें नसतें. ‘डॅमेजिस’ म्हणजे नुकसानें नव्हेत, तर न्यायालयानें देवविलेली भरपाईची रक्कम. ‘‘घरांत पुष्कळ डॅमेजिस झाले’’ असें लिहिणारा गृहस्थ नकळत ‘घरांत भरपाईचा पुष्कळ पैसा आला’ असेंच जणूं कबूल करीत असतो. विमापत्रांत ‘लॉस ऑर डॅमेज’ अशी जोडी येते तीहि उगाच नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरांत ज्याची स्कूटर वाहून गेली त्याचा ‘लॉस’; ज्याची दोन दिवस पाण्यांत बुडून दारांतच उभी राहिली त्याचें ‘डॅमेज’.

‘इंज्युरी’चें मूळ मोठें बोलकें आहे. लॅटिनमध्यें न्याय किंवा हक्क या अर्थाच्या शब्दामागें नकार लावून तो झालेला आहे. म्हणजे मुळांत ‘इंज्युरी’ ही जखम नसून अन्याय. इंग्लंडमधील दोन जुने खटले यावर चांगला प्रकाश पाडतात. १४१० सालीं ग्लॉस्टर येथें शाळा चालविणाऱ्या दोन मास्तरांनीं फिर्याद केली कीं, दुसऱ्या एका मास्तरानें शेजारीं शाळा काढली, आणि त्यामुळें त्यांना तिमाहीस ४० पेन्स मिळणारी फी १२ पेन्सांवर आली. न्यायालयानें मास्तरांची कींव केली असेल नसेल, पण दाद दिली नाहीं. तोटा खरा, परंतु शाळा काढण्याचा हक्क दुसऱ्यालाहि होता. ‘डॅमेज’ होतें, ‘इंज्युरी’ नव्हती. उलट १७०३ च्या ॲशबी आणि व्हाइट यांच्या खटल्यांत एका मतदाराला मत देऊं दिलें नाहीं. ज्या उमेदवाराला तो मत देणार होता तो तरीहि निवडून आला. तोटा दमडीचा नाहीं. पण हक्क हिरावला गेला, आणि अखेर लॉर्डांच्या सभागृहानें निकाल मतदाराच्या बाजूनें दिला. तेथें ‘इंज्युरी’ होती, ‘डॅमेज’ नव्हतें. हे दोन निकाल ध्यानांत ठेवले म्हणजे हे दोन शब्द पुन्हां एकमेकांच्या जागीं बसत नाहींत.

१८६० च्या भारतीय दंड संहितेनें हा विस्तृत अर्थ उचलला : शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोंचविलेला कोणताहि अपाय ती ‘इंज्युरी’. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेंतहि हीच व्याख्या आहे. रोजच्या इंग्रजींत मात्र अपघातांत माणसाला झाली ती ‘इंज्युरी’, आणि लढाईंत शस्त्रानें झाली ती ‘वूंड’. आगगाडीच्या अपघाताच्या बातमींत ‘वूंडेड’ लिहिणारा बातमीदार प्रवाशांना रणांगणावर नेऊन बसवितो. येथें एक शंका निघेल : दारूनें यकृताचें, मधुमेहानें डोळ्याचें होतें त्याला डॉक्टर ‘डॅमेज’ कसें म्हणतात ? कारण तेथें ते अवयवाकडे यंत्राच्या भागाप्रमाणें पाहतात. अवयव ‘डॅमेज’ होतो. माणूस ‘इंज्युअर्ड’ होतो. आजींचें तें दुसरें.

‘हर्ट’ मराठी माणसाला सर्वांत सोपा वाटावा. हात दुखतो, खेळाडूला दुखापत होते, मन दुखावतें. एका ‘दुख’ धातूनें मराठीनें जें काम केलें तेंच इंग्रजीनें या एका शब्दाकडून करवून घेतलें आहे. दंड संहितेच्या मराठी अनुवादांत त्याला ‘दुखापत’ म्हटलें, तें अगदीं नेमकें झालें. मात्र कायद्यांतला ‘हर्ट’ शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता एवढ्यापुरताच आहे. ‘ग्रीव्हस हर्ट’च्या प्रकारांत हाड मोडणें येतें, दांत पडणें येतें; आणि रोजचे व्यवहार बंद पडण्याची मुदत जुन्या संहितेंत २० दिवस होती ती नव्या संहितेंत १५ दिवस झाली आहे.

राहिला ‘हार्म’. मराठींत त्याला ‘अपाय’ हा शब्द जितका जुळतो तितका ‘नुकसान’ जुळत नाहीं. ‘हार्म’ मोजतां येत नाहीं, सहसा दिसतहि नाहीं. तो हळूहळू होतो, आणि शरीर, मन, लौकिक, मुलाचें शिक्षण, कशालाहि होतो. १९७५ च्या कायद्यानें सिगारेटच्या पाकिटावर जो इशारा छापविला त्यांत ‘इंज्युरिअस’ हें जड विशेषण होतें. साध्या बोलण्यांत तेथें ‘हार्मफुल’ पुरलें असतें. असा हा ढगळ शब्द २०१९ च्या ग्राहक कायद्यानें मात्र मापून शिवला आहे. सदोष मालाच्या जबाबदारीविषयीं बोलतांना तेथें ‘हार्म’ची व्याख्या दिली आहे : इतर मालमत्तेचें ‘डॅमेज’, माणसाला झालेली ‘इंज्युरी’, आजार किंवा मृत्यु, आणि त्यांच्या अनुषंगानें होणारा मनस्ताप. त्या मालाचा स्वतःचा बिघाड तींतून स्पष्टपणें वगळलेला आहे. म्हणजे फ्रिज बंद पडला हा ‘डिफेक्ट’ खरा, पण या अर्थानें ‘हार्म’ नव्हे. कपाट फुगलें आणि आजींचें मनगट मोडलें हा ‘हार्म’. ज्या पत्रांत सर्व कांहीं ‘डॅमेज’ आहे त्यांत हा भेद वाचणाराला सांपडावा कसा ?

न्यायाधीश शब्दकोश उघडून बसत नाहीं आणि वाईट इंग्रजीमुळें खरा दावा सहसा बुडत नाहीं, हें मान्य. परंतु पहिलें पत्र वाचतो तो न्यायाधीश नसतो, कारकून असतो. त्याच्यासाठीं हेंच पत्र असें लिहितां येईल : यंत्रांत ‘डिफेक्ट’ आहे, तो पहिल्या आठवड्यांतच दिसला, दुरुस्तीच्या सेवेंत ‘डेफिशिअन्सी’ झाली, मोडलेल्या तीन वायद्यांच्या तारखा सोबत आहेत, गळलेल्या पाण्यानें कपाटाचें ‘डॅमेज’ झालें, त्याच पाण्यावर घसरून वृद्ध स्त्रीला ‘इंज्युरी’ झाली, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, दूध व भाजी ‘स्पॉइल’ झाली, तो ‘लॉस’ अमुक रुपयांचा, या सर्वांबद्दल ‘डॅमेजिस’ मागण्यांत येत आहेत. दारावरचा चरा हा ‘ब्लेमिश’, तो अगदीं शेवटीं. ‘फॉल्ट’ कोणाचा, तें कंपनीनें तपासून कळवावें. कारागिराच्या शब्दांनीं आजींचें मन ‘हर्ट’ झालें, तें संहितेच्या ‘हर्ट’मध्यें बसत नाहीं, पण पत्रांत त्याला एक ओळ द्यावयास कोणताच कायदा आड येत नाहीं.